रेशीम अळ्यांत पाचव्या अवस्थेत ग्रासेरी (विषाणूचा रोग) दिसली, 'संपूर्णा' मारू का?

शेडवाला_बीड
राम राम मंडळी. गेवराईकडे दोन एकर व्ही-१ वाणाची तुती आहे. सध्या २०० अंडीपुंजांची बॅच चालू आहे, डबल हायब्रीड वाण, चॉकी (केंद्रात वाढवलेल्या लहान अळ्या) विकत आणलेली. चौथा मोल्ट (कात) झकास उठला, पालाही भरपूर. आज पाचव्या अवस्थेचा पाचवा दिवस. सकाळी फांद्या टाकताना दाराकडच्या दोन रॅकवर काही अळ्या खायचं सोडून कडेकडेनं फिरताना दिसल्या. सांध्यासांध्यात फुगलेल्या, कातडी चकचकीत. एक उचलली तर बोटातच फुटली, दुधासारखं पांढरं पाणी आलं. ग्रासेरीच आहे.

शेजारचे भाऊ म्हणतात, 'संपूर्णा' मार आन् चंद्रिका (कोष विणायची चौकट) टाक, दिवसभरात कोषावर जातील. दुकानदार म्हणतो ते हॉर्मोन आहे, त्यानं अळीची प्रतिकारशक्ती वाढते आणि व्हायरस मरतो. खरं कोणाचं? आणि आज मारू का उद्या? बाहेर ४१ डिग्री आहे, शेडवर ओली पोती टाकलीत. जाणकारांनी लवकर सांगावं.

तुतीमाय
दादा, आधी घाबरू नका. बाकीच्या रॅकवर किती पसरलंय ते बघा, मग औषधाचं. दिसायला चांगल्या असलेल्या आठ-दहा अळ्या प्रत्येक रॅकवरून उचला. पोटाखालच्या एका पायाला सुई टोचा आणि थेंब काळ्या कागदावर किंवा नखावर घ्या. स्वच्छ, पिवळसर पाण्यासारखा असेल तर ठीक. गढूळ, ताकासारखा दिसला तर ती अळी आतून गेलेली आहे, वरून कितीही चांगली दिसू दे. प्रत्येक रॅकला सुई वेगळी, नाहीतर तुम्हीच रोग फिरवाल. फिरणाऱ्या अळ्या आत्ताच्या आत्ता चिमट्यानं काढा, हातानं नको. आणि दाराकडच्या रॅकचं काम शेवटी करा, आधी आतल्या चांगल्या रॅकचा पाला.

कीटकायन
शेजारी अर्धे बरोबर, दुकानदार पूर्ण चूक.

म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेचं 'संपूर्णा' हे वनस्पतीपासून काढलेलं एक्डिस्टेरॉइड आहे, म्हणजे अळीच्या स्वतःच्या कात टाकण्याच्या हॉर्मोनची वनस्पतीतली आवृत्ती. त्यानं व्हायरस मरत नाही. त्याचं खरं काम वेगळं आहे. बॅच पिकायला लागली, म्हणजे खाणं सोडून कोष करायला तयार झाली, की अळ्या एकदम पिकत नाहीत, दोन-दोन दिवस रेंगाळतात, मजूर आणि पाला दोन्ही खातात. पहिल्या पाच-दहा टक्के अळ्या पिकल्यावर हे पाल्यावर फवारून दिलं की बाकीच्या मागोमाग पिकतात आणि साधारण दिवसभरात चंद्रिकेवर चढतात. पाला कमी पडला किंवा शेवटी रोग आला तर पीक वाचवायला वापरा, असं म्हणतात ते याच कारणानं. अळीला बरं करता येत नाही, पण मरायच्या आधी तिच्याकडून कोष करून घेता येतो.

हिशेब असा. ग्रासेरीचा विषाणू पोटात गेल्यापासून मोठी अळी मरेपर्यंत साधारण पाच ते सात दिवस जातात. तुमच्या आज फुटणाऱ्या अळ्यांना लागण पाचव्या अवस्थेच्या सुरुवातीला, नाहीतर मोल्टच्या आधीच झाली. त्या गेल्याच. प्रश्न आहे गेल्या एक-दोन दिवसांत त्यांच्या पांढऱ्या पाण्यानं बरबटलेला पाला ज्यांनी खाल्ला त्यांचा. त्या अजून चांगल्या दिसतायत, पण कोषावर जायला आणखी तीन दिवस लावले तर बऱ्याच अर्धा कोष विणून लटकतील. उद्या-परवा चढल्या तर कोष पूर्ण करतील.

हिशेबी_पाटील
हे सगळं कागदावर छान. पण अळी आयुष्यात जेवढा पाला खाते त्यातला ८० टक्क्यांच्या वर पाचव्या अवस्थेत खाते, आणि रेशीम त्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत तयार होतं. पाचव्या दिवशी चढवलं तर कोष हलका, कवच पातळ, बाजारात भाव खालचा. रोगट दोन रॅकसाठी सगळ्या शेडचं वजन घालवायचं का? मी तरी मारणार नाही.

कीटकायन
@हिशेबी_पाटील मुद्दा बरोबर, म्हणून सगळ्या शेडला मारायचं नाहीच. रॅकवार निर्णय घ्यायचा. तुतीमायंनी सांगितलेली सुईची चाचणी त्यासाठीच.

आणि फार लवकर मारण्यात आणखी एक धोका आहे. पाचव्या अवस्थेच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत अळीच्या अंगात दुसरं हॉर्मोन, ज्युव्हेनाइल हॉर्मोन, अजून शिल्लक असतं. ते असताना कात टाकण्याचं हॉर्मोन दिलं तर अळी कोष करण्याऐवजी पुन्हा एकदा कात टाकायला निघते आणि मधेच अडकून मरते. म्हणून पहिल्या पिकलेल्या अळ्या दिसेपर्यंत थांबायचं. अंग पारदर्शक, पिवळसर, खाणं बंद, डोकं वर करून जागा शोधतेय, विष्ठा मऊ. ४१ डिग्रीत पाचवी अवस्था सहा दिवसांतच उरकते, तेव्हा तुमच्याकडे हे उद्याच दिसेल.

खाजणवाला
विषय रेशमाचा आहे तरी लिहितो. आमच्याकडे पालघरला कोळंबीची तळी. १९९० च्या दशकात पांढऱ्या ठिपक्यांचा विषाणू आशियाभर पसरला आणि वाघी कोळंबीची तळी आठवड्यात रिकामी झाली. भारतात २००९ नंतर व्हॅनामी ही दुसरी कोळंबी आली ती रोगमुक्त पैदास मिळते म्हणूनच.

तिथे हॉर्मोनची गोष्ट उलटी आहे. मादीनं लवकर अंडी द्यावीत म्हणून हॅचरीत तिच्या एका डोळ्याची देठी तोडतात. त्या देठात अंडाशय आवरून धरणाऱ्या हॉर्मोनची ग्रंथी असते. तोडली की मादी भराभर अंडी देते. पण स्कॉटलंडच्या स्टर्लिंग विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की देठी न तोडलेल्या माद्यांची पिल्लं पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला जास्त तग धरतात. म्हणजे आईच्या हॉर्मोनशी खेळ केला की भोगते पिलावळ. तुमच्याकडे किमान अळीलाच देतात, तिच्या अंड्यांना नाही.

पुणेरी_जिज्ञासू
वाचतोय, पहिल्यांदाच इतकं कळतंय. पण हॉर्मोन म्हटलं की मला म्हशीला देतात ते इंजेक्शनच आठवतं. हे चालतं का कायद्यानं? माणसाला काही होणार नाही ना?

कीटकायन
@पुणेरी_जिज्ञासू म्हशीच्या गोठ्यात दूध सोडवायला वापरतात ते ऑक्सिटोसिन, त्याचा इथे काही संबंध नाही. तो गैरवापरच आहे. एक्डिस्टेरॉइड कीटक आणि कोळंबी-खेकड्यांचं हॉर्मोन आहे. ते पालकाच्या भाजीतही असतं, तुम्ही खाऊन बसला असाल. पालकानं ते बनवलंय त्याला कुरतडणाऱ्या किड्यांना त्रास द्यायला.

एक गंमत. हे हॉर्मोन पहिल्यांदा शुद्ध स्वरूपात हाती आलं ते रेशमाच्याच किड्यातून. जर्मनीत बुटेनान्ट आणि कार्लसन यांनी १९५४ मध्ये ५०० किलो रेशीम कोशितांमधून (कोषातल्या किड्यांमधून) २५ मिलिग्रॅम काढलं होतं. आपल्या बाजारात गाडीभर माल उतरतो तेव्हा मला ते ५०० किलो आठवतात.

जिममास्तर_नाशिक
एक्डिस्टेरॉन ना? आमच्या जिममध्ये त्याच्या गोळ्या विकतात. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं २०२० पासून त्याला देखरेखीच्या यादीत टाकलंय, बंदी नाही अजून. आता कळलं की अळीलाही तेच देतात. आम्ही चंद्रिकेवर चढायचं का मग 😄

शेडवाला_बीड
मास्तर, या तुम्ही, जागा आहे. पाला मात्र स्वतःचा आणा.

सुईनं बघितलं. दाराकडच्या दोन रॅकवर दहातल्या तीन-चार गढूळ. मधल्या रॅकवर एक संशयास्पद. आतल्या सगळ्या स्वच्छ. फिरणाऱ्या अळ्या वेचून बादलीत टाकल्या. पिकलेली अजून एकही नाही.

देशी_वाण
एवढा उपद्व्याप कशाला? आघाड्याच्या मुळातही हेच एक्डिस्टेरॉन असतं, हे जुनंच संशोधन आहे. बांधावर आघाडा उगवलाय फुकट. काढा करून पाल्यावर मारा, कंपनीची बाटली कशाला?

कीटकायन
@देशी_वाण आघाड्यात असतं हे खरं. पण किती, ते जमीन, हंगाम, झाडाचं वय यावर बदलतं, आणि काढ्यात हॉर्मोनसोबत सॅपोनिन नावाची दुसरी द्रव्यंही उतरतात. हॉर्मोनच्या बाबतीत मात्राच सगळं ठरवते. कमी पडलं तर काही होत नाही, जास्त झालं तर अळी अर्धवट पिकते आणि रेशीम न काढताच आकसते. २०० अंडीपुंजांवर काढ्याचा प्रयोग नको. करायचाच तर दहा-वीस अळ्या टोपलीत वेगळ्या ठेवून करा, आणि फोटो टाका, मलाही बघायचंय.

बाटलीचं प्रमाण तिच्यावरच लिहिलेलं असतं. इथे मी मुद्दाम लिहीत नाही, कारण पॅकिंग बदलतं आणि लोक धाग्यातला आकडा वहीत उतरवून वर्षानुवर्षं वापरतात.

अनघा_के
मी कीटकशास्त्रात नाही, सूक्ष्मजीवशास्त्रात आहे, पण या विषाणूची एक करामत सांगितल्याशिवाय राहवत नाही.

ग्रासेरीचा विषाणू बॅक्युलोव्हायरस कुळातला. या कुळातल्या विषाणूंकडे ईजीटी नावाचं एक जनुक असतं. ओरायली आणि मिलर यांनी १९८९ मध्ये याच्या एका भावंडात ते दाखवलं. त्यातून तयार होणारं विकर अळीच्या एक्डिसोनला, म्हणजे तिच्या कात टाकण्याच्या हॉर्मोनला, साखरेचा रेणू चिकटवतं आणि ते हॉर्मोन निकामी होतं. अळी कात टाकत नाही, कोष करत नाही, नुसती खात राहते. का? कात टाकायच्या वेळी अळी खाणं थांबवते, कोषात गेली की खाणं कायमचं संपतं. विषाणूला हवी असते मोठी, धष्टपुष्ट, खाणारी अळी, म्हणजे त्याच्या जास्त प्रती निघतील. हे जनुक काढून टाकलेला विषाणू दिला तर अळ्या लवकर मरतात आणि विषाणूचं पीक कमी येतं.

म्हणजे तुम्ही बाटलीतून जे हॉर्मोन घालताय, नेमकं तेच तो आतून पुसत बसलेला असतो. अळी किती दिवस खात राहणार यावर तुमची आणि त्याची ओढाताण चालू आहे. ज्या अळीत त्याचा पुरता अंमल बसलाय तिथे बाटली फारसं करणार नाही. ज्यात नुकताच शिरलाय तिथे तुम्ही जिंकू शकता.

कडेकडेनं फिरणंही त्याचंच काम. जपानी-अमेरिकी गटानं २००५ च्या सुमारास दाखवलं की रेशीम अळीच्या विषाणूतलं पीटीपी नावाचं जनुक काढलं तर आजारी अळ्या तेवढ्या भटकत नाहीत. भटकणारी अळी चार ठिकाणी फुटते, चार ठिकाणी सांडते.

तुतीमाय
अनघाताई, वाचून अंगावर काटा आला. आम्ही म्हणतो अळी बेचैन झाली. बेचैन कोणी केली ते आज कळलं.

हिशेबी_पाटील
@अनघा_के हे पटलं. मग प्रतिकारक्षम अळीच का काढत नाहीत? दरवेळी चुना आणि बाटली करत बसायचं का?

अनघा_के
काढतायत. हैदराबादच्या सीडीएफडी या संशोधन संस्थेत नागराजू यांच्या गटानं जनुकीय बदल करून विषाणूची अनेक जनुकं एकदम बंद पाडणाऱ्या अळ्या तयार केल्या, ते संशोधन २०१३ मध्ये आलं. पण जनुकीय बदल केलेला प्राणी शेडमध्ये यायचा म्हणजे परवानग्यांचा डोंगर. चीनमध्ये साध्या संकरातून ग्रासेरी सहन करणारा 'हुआकांग' वाण आलाय. आपल्याकडच्या ४१ डिग्रीत आणि आपल्या पाल्यावर टिकणारा वाण हवा, तो वेगळाच अभ्यास आहे.

कापूसकोंडा
आमच्या जालना भागात वेगळाच प्रकार झाला होता. रोग काही नाही, अळ्या लठ्ठ, पाचवी अवस्था लांबतच चाललेली, खातायत खातायत आणि कोषच करत नाहीत. ग्रासेरी म्हणून सगळ्यांनी चुना मारला. शेवटी कळलं शेजारच्या कापसावर पांढऱ्या माशीसाठी पायरीप्रॉक्सिफेन मारलं होतं, वाऱ्यानं तुतीवर आलं.

कीटकायन
@कापूसकोंडा हे फार महत्त्वाचं. पायरीप्रॉक्सिफेन हे ज्युव्हेनाइल हॉर्मोनची नक्कल आहे, अळीला कायम बाळच ठेवतं. अगदी थोडं अंश पाल्यावर आलं तरी पुरतं. उत्तर इटलीत १९९० च्या सुमारास असंच झालं, फळबागांवर फेनॉक्सिकार्ब मारायला लागले आणि तिथल्या अळ्यांनी कोष करणं सोडलं. तिथला आधीच थकलेला रेशीम व्यवसाय आणखी खाली गेला.

यावरून आठवलं. ज्युव्हेनाइल हॉर्मोनची नक्कल अगदी सूक्ष्म मात्रेत मुद्दामही देतात, 'समृद्धी' नावानं मिळतं. त्यानं अळी दिवसभर जास्त खाते आणि कोष वजनदार होतो. निरोगी बॅचला ठीक. ग्रासेरीचा एक जरी रॅक असेल तर चुकूनही नको, तुम्ही विषाणूला त्याला हवा तोच जादा दिवस बक्षीस द्याल. दुकानदार 'हॉर्मोन' म्हणून कोणती बाटली हातात देतोय ते नाव वाचून घ्या.

शेडवाला_बीड
बरं झालं सांगितलं. माझ्या हातात त्यानं 'समृद्धी'च दिली होती! सकाळी जाऊन बदलून आणली.

आता ताजी परिस्थिती. सहावा दिवस. पहाटे दाराकडच्या रॅकवर पिकलेल्या अळ्या दिसायला लागल्या. दोन रोगट रॅक आणि मधला एक, एवढ्यांनाच पाल्यावर फवारून एक खाद्य दिलं. आतल्यांना साधा पाला, त्यांना नैसर्गिक पिकू देतोय. रोगट रॅकच्या चंद्रिका वेगळ्या टोकाला ठेवल्या.

तुतीमाय
छान केलंत. चंद्रिकेवर गेल्या की शेड बंद करून कोंडू नका, हवा खेळती पाहिजे. ओली पोती आता काढा, कोष करताना दमट चालत नाही. आणि वेगळ्या टोकाचे कोष वेगळेच विका. आत मेलेली कोशिता वितळते आणि कवच आतून डागी करते. कानाजवळ हलवून बघा, चांगला कोष खुळखुळतो, मेलेला गप्प. चांगल्या मालात चार डागी सापडले की व्यापारी सगळ्या ढिगाचा भाव पाडतो. जालन्याची बाजारपेठ २०१८ ला सुरू झाली त्याआधी आम्ही रामनगरमला न्यायचो, तिथले रीलर (कोषातून धागा काढणारे) तर मूठभर कोष कापूनच बघायचे.

शेडवाला_बीड
उशीर झाला लिहायला, माफी. रोगट रॅकवरच्या फवारलेल्या अळ्यांतल्या बऱ्याच दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चढल्या. काही चंद्रिकेवर चढून तिथेच लटकून काळ्या पडल्या, त्या काढल्या. आतल्या रॅक एक दिवस मागून चढल्या, तिथे रोग नाही. आज कोष काढले. पाटील म्हणाले तेच झालं, दाराकडचे कोष हाताला हलके लागतायत आणि डागीही निघाले. पण निघाले तरी. गेल्या वर्षी असाच रॅक होता, काहीच केलं नव्हतं, तेव्हा तिथून टोपलीभरसुद्धा मिळाले नव्हते.

हिशेबी_पाटील
हलका का होईना, कोष आहे. बादलीतल्या अळीला कोण भाव देणार. मी शब्द मागे घेत नाही, पण रॅकवार मारायचं हे मान्य.

कीटकायन
आता खरं काम. विषाणूचे स्फटिक (कवचात गुंडाळलेला विषाणू) मातीत, भेगांत वर्षानुवर्षं टिकतात, पुढच्या बॅचला तेच खातील. शेड रिकामी झाली की २ टक्के ब्लीचिंग पावडर आणि ०.३ टक्के विरलेला चुना एकत्र करून भिंती, छत, रॅक, जाळ्या सगळं भिजेपर्यंत फवारा. चुना का, तर या विषाणूचं कवच अल्कलीत विरघळतं. अळीच्या अल्कधर्मी पोटातही ते तसंच विरघळतं, फक्त तिथे आतला विषाणू जिवंत सुटतो आणि ब्लीचिंगसोबत सुटला तर मरतो. चॉकी कोणत्या केंद्रातून आणली तिथल्या इतरांनाही विचारा. तिघा-चौघांकडे एकाच वेळी आली असेल तर लागण तिथूनच आलीय.

शेडवाला_बीड
विचारलं. अजून दोघांकडे आहे. केंद्राचं नाव इथे घेत नाही, आधी त्यांच्याशी बोलतो.

एक शेवटचं. बादलीभर मेलेल्या अळ्या आणि बेडचा कचरा पडलाय. वडील म्हणतात कोंबड्यांना टाक, नाहीतर उकिरड्यावर, खत होईल. चालेल का?

तुतीमाय
अजिबात नको! ते खत पुन्हा तुतीलाच जाणार ना? बादलीत चुना-ब्लीचिंग ओता, तुतीपासून लांब खोल खड्ड्यात पुरा.

अनघा_के
कोंबड्यांनाही नको. कोंबडीला काही होत नाही, पण हे स्फटिक पक्ष्याच्या पोटातून जिवंत बाहेर पडतात आणि कोंबड्या तुमच्या तुतीतच फिरत असणार.

शेडवाला_बीड
खड्डा खणला. कोंबड्या डालग्याखाली कोंडल्यात, वडील चिडलेत.